बॉइलचं जनकपद काढून घ्यायचं का?

खलबत्ता (धागालेखक)

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत 'आधुनिक रसायनशास्त्राचा जनक कोण' हा प्रश्न ठरलेला. कुठे उत्तर सतराव्या शतकातला रॉबर्ट बॉइल, कुठे अठराव्या शतकातला फ्रेंच लाव्हॉझिए. मी बॉइलच्या बाजूचा आहे. पण बॉइलचे वकील त्याची जी केस लढवतात ती मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

त्यांचं म्हणणं असं की १६६१ साली 'द स्केप्टिकल केमिस्ट' या पुस्तकात बॉइलने मूलद्रव्याची पहिली आधुनिक व्याख्या केली आणि किमयागारांचं दुकान बंद पडलं. पुस्तक नुसतं चाळलं तरी यातला फोलपणा कळतो. बागेत बसून मित्रमंडळी वाद घालतात अशी त्याची रचना आहे. एक जण अॅरिस्टॉटलवाला (पृथ्वी, आप, तेज, वायू), एक पॅरासेल्ससवाला (मीठ, गंधक, पारा), एक तटस्थ आणि सगळ्यांची पिसं काढणारा कार्नेआदिस. ती प्रसिद्ध व्याख्या देताना बॉइल सरळ सांगतो की किमयागारांपैकी जे त्यातल्या त्यात स्वच्छ बोलतात, ते 'तत्त्व' म्हणून जे सांगतात तेच मला म्हणायचंय: कशाचीही भेसळ नसलेले, मूळचे साधे पदार्थ. म्हणजे व्याख्या उसनी. वर असे पदार्थ मुळात असतात का, याचीच त्याला शंका. दुसऱ्यांच्या याद्या फाडल्या, स्वतःची एकही दिली नाही.

मग जनक कशाचा? माझ्या मते, केलेला प्रयोग कागदावर कसा उतरवायचा, याचा.

१६६० साली त्याने हवेच्या लवचीकपणावरचे ४३ प्रयोग छापले. पुस्तक आहे पुतण्याला लिहिलेल्या लांबलचक पत्राच्या स्वरूपात. काचेचा गोळा केवढा (आजच्या मापात सुमारे २८ लिटर), झाकणाच्या फटी कशाने बुजवल्या, पंप कुठे गळत होता, कुठला प्रयोग मनासारखा झाला नाही, सगळं त्यात आहे. वाचताना जांभया येतात, पण लांबण मुद्दाम लावलंय. वाचणाऱ्याला तोच प्रयोग न चुकता पुन्हा करता यावा, आणि ज्याला एवढा खटाटोप झेपणार नाही त्यालाही तो पाहिल्यासारखा वाटावा, हा हेतू तो स्वतः सांगतो.

दोन वर्षांनी त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम आला, जो आपण सगळे 'दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात' म्हणून घोकलाय. फ्रान्सिस्कस लायनस नावाच्या जेझुइट पाद्र्याने हरकत घेतली होती, तिला हे उत्तर. इंग्रजी 'जे'सारखी वाकवलेली काचेची नळी, आखूड बाजूचं तोंड बंद, लांब बाजू इतकी उंच की प्रयोग जिन्यात करावा लागला. एकाने वर उभं राहून पारा ओतायचा, दुसऱ्याने खाली बसून कोंडलेल्या हवेची उंची वाचायची. नळी फुटली तर पारा वाया जाऊ नये म्हणून तळाशी लाकडी खोका. आणि मग तक्ता. हवा एक चतुर्थांश उरली तेव्हा मोजलेला दाब ११७ पूर्णांक ९/१६ इंच पारा. नियमाप्रमाणे यायला हवा होता ११६ पूर्णांक ४/८. दोन्ही आकडे त्याने शेजारी शेजारी छापले. इंचभराचा फरक झाकला नाही, पुसून जुळवला नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे १६६१ मध्येच त्याने फसलेल्या प्रयोगांवर दोन स्वतंत्र निबंध छापले. दुकानातली रसायनं भेसळीची निघतात, एका खाणीतलं खनिज दुसऱ्या खाणीतल्यासारखं वागत नाही, काल जमलेलं आज जमत नाही, हे सगळं उघड. किमयागार 'हिरवा सिंह सूर्याला गिळतो' असल्या भाषेत लिहायचे. जमलं नाही तर दोष तुमच्या पात्रतेचा.

माझ्या लेखी आधुनिक रसायनशास्त्र इथे सुरू होतं. लाव्हॉझिएवाल्यांनी या मैदानात.

तराजू

आले. गेली बरीच वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय म्हणजे माझ्या रोजच्या भाकरीचा.

खलबत्ता, तुम्ही जे वर्णन केलंत ते उत्तम भौतिकशास्त्र आहे. पारा ओतला, हवा दबली. कुठल्या पदार्थाचं काय झालं? काहीच नाही. हवा हवाच राहिली, पारा पाराच. रसायनशास्त्राचा जनक म्हणायचं तर जिथे एका पदार्थाचा दुसरा होतो तिथे त्याने काय उजेड पाडला ते बघू.

१६७३. बॉइलने काचेच्या रिटॉर्टमध्ये (लांब, वाकड्या तोंडाचं तापवायचं भांडं) कथील घातलं, रिटॉर्टचं टोक वितळवून पक्कं बंद केलं आणि तापवलं. कथलाचं भस्म झालं. थंड झाल्यावर टोक मोडलं, तर बाहेरची हवा आवाज करत आत घुसली. हा आवाज त्याने ऐकला आणि लिहूनही ठेवला. मग वजन केलं. वाढलेलं. निष्कर्ष काय काढला? आगीचे कण काचेतून आरपार गेले आणि धातूत जाऊन बसले!

अहो, हवा आत शिरताना कानांनी ऐकली. आत जागा रिकामी झाली होती म्हणजे आतली काहीतरी हवा कुठेतरी गेली होती. कुठे गेली, हा प्रश्न सुचायला हवा होता की नको?

१७७४ मध्ये लाव्हॉझिएने हाच प्रयोग केला, फक्त टोक मोडायच्या आधी सीलबंद रिटॉर्ट तराजूत ठेवला. वजनात फरक नाही. आगीचं काहीही आत गेलेलं नाही. टोक मोडलं, हवा आत आली, तेव्हा वजन वाढलं, आणि ते आत आलेल्या हवेएवढंच. संपला विषय. एक वजन आधी केलं असतं तर शंभर वर्षं वाचली असती.

पुढे १७८९ च्या पुस्तकात लाव्हॉझिए म्हणतो की पृथक्करण करत करत जिथे आपले हात टेकतात, तो पदार्थ तूर्त मूलद्रव्य समजा. ही व्याख्या प्रयोगशाळेत वापरता येते. आणि त्याने नुसती व्याख्या देऊन हात झटकले नाहीत, ३३ पदार्थांची यादी दिली. बॉइलकडे यातलं काय आहे?

हरणटोळ

तराजूताईंना +१. भर एवढीच: धातूच्या भस्माचं वजन हवेमुळे वाढतं हे फ्रान्समधल्या जाँ रे नावाच्या डॉक्टरने १६३० मध्येच छापलं होतं. म्हणजे बॉइलच्या आधी ४३ वर्षं.

पायरीवरचा

खुर्ची टाकून बसलोय. चहा सांगितलाय. चालू द्या.

खलबत्ता

ताई, कथलाचा दाखला तुम्ही माझ्याविरुद्ध दिलात, मी तो माझ्या बाजूने वापरतो.

लाव्हॉझिएला कळलं कसं की वजन नेमकं कुठल्या टप्प्याला करायचं? कारण बॉइलने टप्पे क्रमाने लिहिले होते. आधी तापवलं, मग टोक मोडलं, मग आवाज आला, मग तराजू. लाव्हॉझिए आपल्या निबंधात बॉइलचं नाव घेऊन हे प्रयोग मांडतो. त्याच्याही आधी, १७५६ मध्ये, रशियात लोमोनोसोव्हने बॉइलचाच प्रयोग पडताळायला घेतला होता आणि हवा आत न घेता तापवलं तर वजन वाढत नाही असं त्याला आढळलं. दोन देशांतली दोन माणसं, दोघांच्या हातात बॉइलचाच मजकूर. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते शंभर वर्षांनी सापडावं, इतकं नीट लिहिणारा त्याच्या आधी कोण होता? जाँ रेचं म्हणाल तर बरोबर बोलला, पण बराचसा तर्काच्या जोरावर. म्हणूनच तो इतकी वर्षं धूळ खात पडला.

आणि रसायन कुठे आहे म्हणता? १६६४ चं रंगांवरचं पुस्तक पाहा. पांढऱ्या कागदावर व्हायोलेटच्या फुलांच्या सरबताचे दोन थेंब. निळे. त्यावर व्हिनेगर टाकलं की लाल, पोटॅश टाकलं की हिरवे. इथवर रंगाऱ्यांनाही ठाऊक असेल. पण बॉइल पुढे जाऊन म्हणतो, हा खेळ नाही, ही परीक्षा आहे. अनोळखी पदार्थ आम्ल की अल्क ते यावरून ठरवा, आणि जो दोन्हीकडे रंग बदलत नाही त्याचा तिसरा वर्ग करा. मग अल्कांतही स्थिर कुठले आणि उडून जाणारे कुठले, ते रसकापराच्या (पाऱ्याचा क्षार) द्रावणाने वेगळे काढा, एकाने नारिंगी साका येतो, दुसऱ्याने पांढरा. तुमची मुलं प्रॅक्टिकलला सॉल्ट ओळखतात ना, त्याचा हा खापरपणजोबा.

कोपऱ्यातला दिवा

दोन्ही पक्षांनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवलीय. खलबत्ता यांचा बॉइल म्हणजे मोकळेपणाचा पुतळा. खऱ्या बॉइलने सोन्याचा नाद मरेपर्यंत सोडला नव्हता.

त्याला भट्टीकाम कुणी शिकवलं? जॉर्ज स्टार्की. बर्म्युडात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला आणि टोपणनावाने किमयेची पुस्तकं लिहिणारा. म्हणजे 'किमयागारांचं दुकान बंद करणारा' माणूस त्याच दुकानात उमेदवारी करून आला होता. पुढे १६७६ मध्ये बॉइलने रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात एका खास पाऱ्यावर लेख छापला, जो सोन्यात मिसळला की आपोआप तापतो. लेखकाच्या नावाच्या जागी काय, तर 'बी. आर.', स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं! त्यावर न्यूटनने सोसायटीच्या सचिवाला पत्र पाठवलं, आशय असा की या गृहस्थाने यापुढे मिठाची गुळणी धरलेली बरी, हे ज्ञान भलत्यांच्या हाती जायला नको. बॉइलच्या किमयेच्या टिपणांत सांकेतिक नावं आणि लिप्या आहेत. किमयेने सोनं वाढवण्याला बंदी घालणारा १४०४ चा इंग्लंडचा कायदा १६८९ मध्ये रद्द झाला, त्यामागेही हेच महाशय. ज्याला सोनं होणारच नाही याची खात्री आहे तो असला कायदा रद्द करायला कशाला धावेल?

फॉस्फरसचंच बघा. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँडने १६६९ च्या सुमारास लघवी आटवून तो काढला. १६७७ मध्ये क्राफ्ट नावाच्या माणसाने लंडनला येऊन तो अंधारात चमकवून दाखवला, पण कृती सांगितली नाही, फक्त शरीरातल्या कशापासून तरी होतो एवढंच. बॉइलने खटपट करून १६८० मध्ये तो स्वतः बनवला. चांगलं केलं. मग कृतीचं काय केलं? लिफाफ्यात घालून, सील करून रॉयल सोसायटीकडे ठेवायला दिली. तो लिफाफा उघडला तो मालक वारल्यावर. तोवर त्याचा मदतनीस अँब्रोझ गॉडफ्रे त्याच कृतीवर लंडनमध्ये धंदा उभा करत होता.

घराण्याच्या खास चिजा बाहेरच्यांच्या कानावर पडू न देणारे उस्ताद आणि हे, काय फरक?

खलबत्ता

दिवेसाहेब, माहिती पक्की आहे, निष्कर्ष ओढून आणलाय.

एक म्हणजे लिफाफा. ती त्या काळची पद्धत होती. अमुक तारखेला मला हे येत होतं, याचा तो पुरावा. आणि त्याच वर्षी फॉस्फरसच्या गुणधर्मांवर त्याने अख्खं पुस्तक छापलंय. कशात विरघळतो, हवा नसली तर चमकतो का, सगळं.

दुसरं, किमया. सतराव्या शतकात परीस शोधणं आणि आम्लांचे गुण तपासणं या दोन वेगळ्या इमारती नव्हत्याच. आपण आज मधे भिंत घालतो आणि मग 'अरेच्चा, हा पलीकडेही सापडला' म्हणून बोट दाखवतो. पाऱ्याचा लेख त्याने छापला, हे न्यूटनला खुपलं. दोघांपैकी मोकळा कोण, हे तुमच्याच उदाहरणावरून ठरतं.

कोपऱ्यातला दिवा

लेख छापला, पण तो पारा बनवायचा कसा ते त्यात नाही. तुमचा सगळा दावाच 'वाचणाऱ्याला प्रयोग पुन्हा करता यावा' यावर उभा आहे ना? मग तो पारा लोकांनी पुन्हा बनवायचा कुठून? बॉइल गेल्यावर न्यूटन आणि तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यात त्याच्या किमयेतल्या 'लाल माती'वरून पत्रं चालली होती, ती काय सगळं उघड छापलेलं होतं म्हणून?

हवेच्या पंपाबद्दल मोकळा, सोन्याबद्दल बंद. म्हणजे जिथे किंमत मोठी तिथे तोंड बंद. मी एवढंच म्हणतो, 'पद्धतीचा जनक' म्हणताना हेही तक्त्यात शेजारी छापा.

रसशाळा

नमस्कार. मी वैद्य आहे, रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातलं पारा-धातूंच्या औषधांचं शास्त्र, हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. ही सगळी चर्चा युरोपबाहेर जग नसल्यासारखी चालली आहे.

राजस्थानात उदयपूरजवळ झावरला जस्त काढण्याच्या मातीच्या मुशींचे ढिगारे आजही पडलेले आहेत, वांग्याच्या आकाराच्या. जस्त ९०७ अंशाला उकळतं. खनिजातून सुटेपर्यंत त्याची वाफ झालेली असते आणि हवा लागली की तिची राख. म्हणून मूस उलटी ठेवून वाफ खाली उतरवायची आणि थंड जागी धरायची, हे तंत्र आपल्या लोकांनी कारखान्याच्या प्रमाणात वापरलं. ब्रिस्टलच्या चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. 'रसरत्नसमुच्चय' या जुन्या संस्कृत ग्रंथात जस्त काढण्याची कृती आहे, रसशाळा कशी बांधावी, कुठल्या दिशेला काय ठेवावं हेही आहे.

आणि प्रयोगाच्या सचोटीबद्दल बोलायचं तर 'रसेंद्रचिंतामणी'चा कर्ता सुरुवातीलाच सांगतो की विद्वानांकडून ऐकलं, शास्त्रांत वाचलं, पण स्वतः करून पाहता आलं नाही ते मी सोडून दिलं आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये काढला, त्यांनाही हे वचन महत्त्वाचं वाटलं होतं. बॉइलच्या कितीतरी आधीचं हे आहे.

हरणटोळ

झालं, आला 'आपल्याकडे सगळं होतं'वाला प्रतिसाद. वाटच बघत होतो.

तराजू

हरणटोळ, असं झटकू नका. झावर काही व्हॉट्सअॅपवरचं नाही, तिथे उत्खनन झालंय आणि तंत्र अस्सल आहे. मीही वर्गात सांगते. प्रश्न एवढाच की बॉइलने किंवा लाव्हॉझिएने ज्या गोष्टीवर पुढचं बांधकाम केलं, तिच्याशी झावरचा धागा जुळतो का? तसा तो जुळवून दाखवता येत नाही. श्रेष्ठ-कनिष्ठ हा मुद्दाच नाही.

खलबत्ता

वैद्यराज, वचन फार आवडलं, आणि माझा मुद्दा त्याने अधिक स्पष्ट होतो. 'रसेंद्रचिंतामणी'कार म्हणतो, करून पाहता आलं नाही ते गाळलं. प्रामाणिकपणाच आहे हा, वादच नाही. पण बॉइल काय करतो? फसलं तेही छापतो. वाचणाऱ्याच्या हाती फक्त साधलेल्या कृती आल्या तर तो त्या वापरेल. कुठे, कशामुळे, किती वेळा बिघडलं हे आलं तर तो ती कृती तपासू शकेल. भेसळीचं अँटिमनी घेऊन कुणाची मेहनत पाण्यात जाऊ नये म्हणून पानंच्या पानं लिहिणं, हे नवं होतं.

रसशाळा

ठीक. पण मग 'जगात पहिला' न म्हणता 'युरोपात, छापखान्याच्या आधाराने' म्हणा. पोथीची नक्कल हाताने करायची असेल तर फसलेल्या प्रयोगांसाठी कोण कागद खर्च करणार? छापायची सोय आणि पदरचा पैसा असल्यावर मोकळेपणा परवडतो.

बोरकूट

पैशाचा विषय निघालाच आहे तर. हा पदरचा पैसा आला कुठून?

बापाचं नाव रिचर्ड बॉइल. १५८८ मध्ये खिशात २७ पौंड घेऊन आयर्लंडला उतरला, पुढे तिथल्या जमिनी गिळत गिळत इंग्लंडच्या राजाच्या मुलखातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला, कॉर्कचा अर्ल झाला. वॉल्टर रॅलेच्या आयरिश जमिनी त्यानेच विकत घेतल्या, लिझमोरचा किल्ला त्यातलाच. तिथे १६२७ मध्ये रॉबर्ट जन्मला, चौदावं अपत्य. आयरिश कुळांच्या खंडावर ऑक्सफर्डमध्ये काचेचे गोळे फुगवले गेले. शिवाय मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली, आणि पुढच्याच वर्षापासून काही काळ हा आपला निरीच्छ शास्त्रज्ञ कंपनीच्या संचालकांत. कंपनी इथून सोरा नेत होती, आणि सोऱ्यावर बॉइलचा एक गाजलेला निबंध आहे. असो, तो निबंध त्याआधीचा, उगाच ओढाताण करत नाही.

पण हात कुणाचे? पंप जमवला रॉबर्ट हूकने. आधी ग्रेटोरेक्स नावाच्या कारागिराकडून करून पाहिला, तो जमला नाही. जर्मनीत गेरिकेचा पंप होता, पण तो पाण्यात बुडवून ठेवावा लागायचा आणि ओढायला दोन दांडगे गडी लागायचे. हूकच्या पंपात काचेच्या गोळ्याला वरून झाकण होतं, आत मेणबत्ती ठेवा, पक्षी ठेवा, उंदीर ठेवा. म्हणजे प्रयोग शक्य झाला तोच हूकमुळे. बॉइलचे डोळे अधू, बरंचसं लेखन दुसऱ्याला सांगून उतरवून घेतलेलं. १६७० मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर तर सगळाच कारभार मदतनिसांवर. जिन्यावर पारा ओतणारा आणि खाली आकडा वाचणारा, यांची नावं सांगा बरं.

आणि बहीण. कॅथरीन, लेडी रॅनेला. १६६८ पासून मरेपर्यंत हा तिच्या पॅल मॅलच्या घरात राहिला, प्रयोगशाळाही तिथेच. लंडनमधल्या विद्वानांचा राबता तिच्याकडे याच्या आधीपासूनचा. १६९१ च्या डिसेंबरात ती गेली आणि आठवड्याभरात हाही गेला. जनक शोधताना या बाईचं नाव कुठल्या गाइडात आहे?

पायरीवरचा

इंग्रजीत एक जुना विनोद आहे: बॉइल म्हणजे 'रसायनशास्त्राचा बाप आणि कॉर्कच्या अर्लचा भाऊ'. बोरकूट यांनी त्यात बहीणही घातली, बरं झालं. दुसरा चहा.

खलबत्ता

बोरकूट, हूकचं आणि ग्रेटोरेक्सचं नाव आपल्याला कळलं ते बॉइलनेच १६६० च्या पुस्तकात लिहिलं म्हणून. पगारी माणसाचं नाव छापणारे मालक तेव्हा फार नव्हते. जिन्यातल्या माणसांचं म्हणाल तर मान्य, ती राहिली.

तुमच्या मापाने लाव्हॉझिए कुठे उरतो? त्याचा पैसा सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीतला, आणि त्यापायीच १७९४ मध्ये त्याची मान गेली. बायको मारी-ॲन इंग्रजीतलं रसायन भाषांतर करून देत होती, १७८९ च्या पुस्तकातल्या उपकरणांची चित्रं तिचीच, तिलाही कुणी जननी म्हणत नाही. ऑक्टोबर १७७४ मध्ये प्रीस्टली या इंग्रज संशोधकाने पॅरिसला जेवणाच्या टेबलावर पाऱ्याच्या लाल भस्मातून निघणाऱ्या वायूची (म्हणजे ऑक्सिजनची) हकिकत सांगितली, ती ऐकून हे गृहस्थ कामाला लागले आणि पहिल्या छापील लेखात प्रीस्टलीचं ऋण काही मानलं नाही. धुतल्या तांदळासारखा कुणीच नाही.

आणि ताई, त्या ३३ मध्ये प्रकाश आणि उष्णताही आहेत. सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असलाच पाहिजे असा त्याचा हट्ट होता, तो १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवून मोडला.

तराजू

यादीत चुका आहेतच. पण कुठली नोंद खोडायची ते कळतं, कारण यादी आहे! तुमचाच निकष तुम्हाला लावते: चूक सापडण्याइतकं नीट लिहिलंय. बॉइलने मूलद्रव्यांबद्दल काही ठरवलंच नाही, त्यामुळे तिथे त्याला चूकही ठरवता येत नाही. नुसती शंका घेऊन शास्त्र उभं राहत नाही, कधीतरी 'हे आहे' म्हणून बोट ठेवावं लागतं.

वजनाचंही तसंच. व्हान हेल्मोंटने बॉइलच्या आधी २०० पौंड मातीत विलोचं रोप लावलं, पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती जेमतेम दोन औंस घटली. तराजू होता, आकडे होते. निष्कर्ष, झाड पाण्याचं बनतं. बॉइलने माळ्याकडून भोपळा लावून तसंच करून पाहिलं. दोघांनी हवा हिशोबात धरली नाही. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं सगळं जमेस धरायचं, वायूसुद्धा, हा हिशोब लाव्हॉझिएने लावला. माझ्या वर्गात समीकरण संतुलित करताना मुलं जे करतात ते हेच. बॉइलच्या काळात कुणाला ते करताच आलं नसतं.

आणि कथलाकडे परत यायचंय. तुम्ही म्हणता टप्पे लिहिले म्हणून चूक सापडली. पण त्या पुस्तिकेचं शीर्षक बघा: आग आणि ज्वाला यांना स्थिर आणि वजनदार करण्याचे नवे प्रयोग. उत्तर शीर्षकातच छापलंय. आगीला वजन आहे हे आधी ठरलं, मग रिटॉर्ट तापवला. दुसऱ्यांच्या सिद्धांतांवर शंका घेणारा माणूस स्वतःच्या कणांच्या सिद्धांतापुढे शंका घ्यायला विसरला. हा तुमचा पद्धतीचा जनक.

खलबत्ता

शीर्षकाचा मुद्दा जोरदार आहे, पण तो अर्धाच. निष्कर्ष आधी ठरला असेल, तरी त्या निष्कर्षाला अडचणीचा असलेला एकमेव तपशील, हवा घुसल्याचा आवाज, त्याने गाळला नाही. वकिली करणारा माणूस पहिल्यांदा तोच गाळतो. त्याला त्या आवाजाचा अर्थ लागला नाही, लाव्हॉझिएला लागला.

तराजू

तुम्ही नोंदवहीला जनक म्हणताय, मी हिशोबाला. गाइडवाल्यांना एकच नाव हवं असतं, त्यांनी लाव्हॉझिए छापावं. अकरावीच्या पोरांना मात्र मी दोन्ही रिटॉर्ट फळ्यावर काढून देणार आहे, १६७३ चा आणि १७७४ चा, आणि वजन कुठल्या पायरीला करायचं ते त्यांनाच ठरवायला सांगणार आहे.

बोरकूट

मॅडम, फळ्यावर रिटॉर्टशेजारी भाता मारणारा पोऱ्याही काढा.